काठावरचा आवाज आणि पाण्यातले मौन : जलतरणपटूंच्या आत्मपर लेखनातील प्रशिक्षक-खेळाडू संवाद

प्रस्तावना

खेळाडूंच्या आत्मपर लेखनाकडे साहित्यसमीक्षेने आजवर फारशा गांभीर्याने पाहिलेले नाही. असे लेखन विक्रमांची नोंद, प्रेरणादायी वाचन किंवा शालेय बक्षीस-समारंभात द्यावयाचे पुस्तक या सदरात टाकून आपण मोकळे होतो. तथापि गेल्या दोन दशकांत स्पर्धात्मक जलतरणाच्या क्षेत्रातून जे आत्मपर लेखन पुढे आले, त्याने या समजुतीला धक्का दिला आहे. वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी ऑलिंपिक गाठणारी मुले मोठी झाल्यावर मागे वळून बोलू लागली. त्यांच्या बोलण्याचा विषय पदक हा राहिला नाही. पहाटेच्या अंधारात तलावाच्या काठावरून आपल्याशी कोण, कोणत्या भाषेत बोलत होते, हा राहिला.

प्रस्तुत लेखात अशा चार पुस्तकांचा प्रामुख्याने विचार केला आहे. मायकेल फेल्प्स यांचे ‘नो लिमिट्स’ (२००८), अमांडा बिअर्ड यांचे ‘इन द वॉटर दे कान्ट सी यू क्राय’ (२०१२), लीझल जोन्स यांचे ‘बॉडी लेंग्थ्स’ (२०१५) आणि शर्ली बाबाशॉफ यांचे ‘मेकिंग वेव्ज’ (२०१६) ही ती पुस्तके होत. फेल्प्स यांचे प्रशिक्षक बॉब बोमन यांचे ‘द गोल्डन रूल्स’ (२०१६) हे पुस्तक तुलनेसाठी घेतले आहे. प्रशिक्षण, क्रीडासंस्कृती आणि खेळाडूचे कल्याण या तिन्ही गोष्टींचा उलगडा प्रशिक्षक आणि खेळाडू यांच्यातील संभाषणाच्या रचनेतून होतो, आणि ही पुस्तके म्हणजे त्या एकतर्फी संभाषणाला अनेक वर्षांनी मिळालेली उत्तरे आहेत, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

१. आत्मचरित्र आणि आत्मकथन

मराठी समीक्षेने आत्मचरित्र आणि आत्मकथन या दोन संज्ञांत केलेला फरक येथे उपयोगी पडतो. विशेषतः दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) नंतर ही चर्चा अधिक टोकदार झाली. आत्मचरित्रात साधारणतः पूर्णत्वास गेलेले आयुष्य असते. लेखक शिखरावर उभा राहून आलेली वाट पाहतो आणि त्या वाटेवरचे काटेही त्याला अर्थपूर्ण वाटतात. आत्मकथनात मात्र भोगलेले अजून संपलेले नसते. सांगणाऱ्याला शिखरापेक्षा वाट महत्त्वाची वाटते, आणि ती वाट आपल्या एकट्याची नव्हती याची जाणीव त्यामागे असते.

दलित आत्मकथनांचा सामाजिक आशय आणि पाश्चात्त्य जलतरणपटूंचे अनुभव यांची बरोबरी करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. ती बरोबरी अनुचित ठरेल. परंतु मराठीने घडवलेली ही संज्ञाभेदाची दृष्टी घेऊन पाहिले, तर वर उल्लेखिलेल्या पुस्तकांची दोन गटांत विभागणी होते. ‘नो लिमिट्स’ हे आत्मचरित्राच्या बाजूला झुकते. ‘बॉडी लेंग्थ्स’ आणि बिअर्ड यांचे पुस्तक आत्मकथनाच्या बाजूला. हा भेद केवळ लेखकांच्या स्वभावाचा नाही. कोणत्या टप्प्यावर बोलण्याची मुभा मिळाली, यावर तो अवलंबून आहे.

२. तलावातील संभाषणाची रचना

क्रिकेट, कबड्डी किंवा हॉकी खेळताना खेळाडू एकमेकांशी बोलतात, ओरडतात, प्रसंगी भांडतात. जलतरणाची गोष्ट वेगळी आहे. पोहणाऱ्याचा चेहरा पाण्यात, कान पाण्यात, नजर तळाशी रंगवलेल्या काळ्या पट्ट्यावर. आंतरराष्ट्रीय दर्जाचा जलतरणपटू सरावाच्या ऐन भरात आठवड्याला साठ-सत्तर किलोमीटर अंतर पोहतो. म्हणजे रोजचे कित्येक तास तो बोलू शकत नाही आणि त्याला नीट ऐकूही येत नाही. एक फेरी संपवून काठाला हात लागला की दहा-पंधरा सेकंदांची उसंत मिळते. तेवढ्यात काठावरून स्टॉपवॉचचा आकडा सांगितला जातो, एखादी दुरुस्ती सुचवली जाते, क्वचित शाबासकी मिळते, बहुधा खडसावले जाते. धापा टाकणारे मूल मान हलवते आणि पुन्हा पाण्यात जाते.

या रचनेकडे बारकाईने पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट होते. प्रशिक्षकाच्या वाक्याला जलतरणपटूने द्यावयाचे उत्तर शब्दांत नसते. पुढील फेरीची वेळ हेच त्याचे उत्तर असते. वेळ सुधारली तर उत्तर बरोबर, वेळ घसरली तर उत्तर चूक. मुलाला ताप आहे, खांदा दुखतो आहे, घरी काही बिनसले आहे, किंवा मनावर मळभ आले आहे, या सर्व निरनिराळ्या वाक्यांचे भाषांतर स्टॉपवॉच एकाच आकड्यात करते. तो आकडा वाचणारा त्याचा अर्थ ‘आळस’ असा लावू शकतो. खेळाडूच्या कल्याणाचा प्रश्न येथून सुरू होतो. क्रूर प्रशिक्षक हा या रचनेतील एक धोका आहे. परंतु सद्हेतूने काम करणारा प्रशिक्षकसुद्धा याच रचनेत बहिरा होऊ शकतो, ही बाब अधिक चिंतेची आहे.

बिअर्ड यांनी आपल्या पुस्तकाला दिलेले शीर्षक या दृष्टीने लक्षणीय आहे. पाण्यात असताना आपण रडतो आहोत हे कोणाला दिसत नाही, असा त्याचा आशय. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये चौदा वर्षांची ही मुलगी हातात टेडी बेअर घेऊन वावरली आणि सगळ्यांना तिचे कौतुक वाटले. पुढे नैराश्य, खाण्यासंबंधीचा विकार आणि स्वतःला इजा करून घेणे यांतून ती गेली, हे सोळा वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातून जगाला कळले. पाणी अश्रू लपवते हे खरे, परंतु कॅमेऱ्यापुढचे बाहुलीचे चित्रही तेच काम करीत होते.

३. ‘नो लिमिट्स’ : फलिताने केलेले समर्थन

फेल्प्स आणि जोन्स या दोघांचा जन्म १९८५ चा. दोघांनीही आपले पहिले ऑलिंपिक २००० साली सिडनी येथे, वयाच्या पंधराव्या वर्षी गाठले. फेल्प्स तेथे २०० मीटर बटरफ्लायमध्ये पाचवे आले. जोन्स यांनी १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये रौप्यपदक मिळवले. एकाच पिढीतील, एकाच पाण्यात उतरलेल्या या दोघांची पुस्तके शेजारी ठेवून वाचणे त्यामुळे उद्बोधक ठरते.

फेल्प्स यांचे पुस्तक बीजिंग ऑलिंपिकमधील आठ सुवर्णपदकांनंतर, त्याच वर्षाच्या अखेरीस प्रसिद्ध झाले. वयाच्या नवव्या वर्षी अवधान-अस्थिरतेचे निदान झालेला बाल्टिमोर शहरातील एक मुलगा, त्याला अकराव्या वर्षी भेटलेला कडक शिस्तीचा प्रशिक्षक आणि त्या शिस्तीतून घडलेला विक्रमवीर, असा या कथनाचा प्रवास आहे. रविवार नाही, नाताळ नाही, वर्षानुवर्षे अखंड सराव. बोमन यांच्या बोलण्यात बँकेतील ठेवीचे रूपक वारंवार येते. रोजचा सराव म्हणजे ठेव; ऑलिंपिक म्हणजे ती काढण्याचा दिवस. या रूपकाची ताकद मान्य करावी लागते. चंचल मुलाला उद्याच्या मोठ्या गोष्टीसाठी आजचा दिवस सोसण्याचे कारण त्यातून मिळते. परंतु याच रूपकात एक गृहीतक दडलेले आहे. ठेवलेले सारे व्याजासह परत मिळते, असे ते गृहीतक. शरीर आणि मन यांच्या बाबतीत ते खरे नाही. झिजलेला खांदा ही ठेव नसते.

२०० मीटर बटरफ्लायच्या बीजिंगमधील अंतिम शर्यतीचा प्रसंग प्रसिद्ध आहे. फेल्प्स यांच्या गॉगलमध्ये पाणी शिरले, समोरचे दिसेनासे झाले, आणि हाताचे फटके मोजत त्यांनी १ मिनिट ५२.०३ सेकंदांत विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. या प्रसंगाची पूर्वपीठिका बोमन यांनी सांगितली आहे. अनेक वर्षांपूर्वी एका स्पर्धेच्या वेळी त्यांनी फेल्प्स यांच्या गॉगलवर मुद्दाम पाय दिला होता. अडचणीतही पोहता आले पाहिजे, हा त्यामागील विचार. कथनाच्या दृष्टीने हा धागा फारच सुबक जुळून येतो, आणि समीक्षकाने नेमके येथे थबकावयास हवे. बीजिंगमध्ये पदक मिळाले म्हणून गॉगल तुडवणे हा दूरदर्शीपणा ठरला. पदक न मिळते तर त्याच कृतीला आपण काय म्हटले असते? फलितावरून कृतीचे समर्थन करण्याची ही पद्धत क्रीडाविषयक आत्मचरित्राच्या मुळाशीच आहे. ज्या मुलांचे गॉगल तुडवले गेले आणि जी कधीच ऑलिंपिकपर्यंत पोहोचली नाहीत, त्यांनी पुस्तके लिहिलेली नाहीत.

‘नो लिमिट्स’मधील संभाषणे वाचताना आणखी एक गोष्ट जाणवते. प्रशिक्षकाचे कठोर बोलणे येथे नेहमी आधीच पचवलेले असते. त्या क्षणी मुलाला काय वाटले यापेक्षा पुढे त्याचा काय लाभ झाला, याला वाक्यात वजन आहे. तेवीस वर्षांचा, अजून त्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली सराव करणारा खेळाडू दुसरे काही लिहू शकला असता का, हा प्रश्न विचारला पाहिजे. आपल्याकडे पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, अशी म्हण आहे. जलतरणपटूच्या बाबतीत ती अक्षरशः लागू पडते.

या पुस्तकाचे खरे उत्तरार्ध-प्रकरण फेल्प्स यांनी पुढे तोंडी सांगितले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकनंतर आपल्याला जगावेसे वाटत नव्हते, असे त्यांनी जानेवारी २०१८ मध्ये शिकागो येथील मानसिक आरोग्यविषयक परिषदेत उघडपणे सांगितले. त्या वेळेपर्यंत त्यांच्या नावावर बावीस ऑलिंपिक पदके होती. २०१४ मध्ये मद्यपान करून वाहन चालवल्याबद्दल अटक झाल्यावर त्यांनी उपचार घेतले. पुढे २०२० मध्ये आलेल्या ‘द वेट ऑफ गोल्ड’ या माहितीपटाचे निवेदन त्यांनी केले. त्यात इतर ऑलिंपिकपटूही आपल्या नैराश्याविषयी बोलतात. ‘नो लिमिट्स’मधील ‘मी’ येथे ‘आम्ही’ झाला आहे. आत्मचरित्राकडून आत्मकथनाकडे झालेला हा प्रवास होय. न्यायाने हेही नोंदवले पाहिजे की, उपचारांनंतर फेल्प्स पुन्हा बोमन यांच्याकडेच गेले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पाच सुवर्ण आणि एक रौप्य मिळवून निवृत्त झाले. नाते टिकले. याचा अर्थ कठोर प्रशिक्षक आणि पीडित खेळाडू असा सरधोपट साचा या उदाहरणाला लावता येत नाही. तथापि तलावातील कित्येक हजार तासांत जे बोलता आले नाही, ते बोलण्यासाठी आधी तलावाबाहेर पडावे लागले, हे वास्तव त्यामुळे पुसले जात नाही.

४. ‘बॉडी लेंग्थ्स’ : शरीराची मोजमापे

जोन्स यांच्या पुस्तकाचे शीर्षक द्व्यर्थी आहे. शर्यतीत एक खेळाडू दुसऱ्याच्या किती पुढे आहे हे शरीराच्या लांबीत सांगण्याची जलतरणाची परिभाषा आहे. त्याच वेळी हे पुस्तक एका मुलीच्या शरीराचे सतत चाललेले मोजमापही सांगते. वजनकाटा, चरबी मोजण्यासाठी त्वचेची घडी चिमट्यात धरणारे उपकरण, पोहण्याच्या पोशाखात असताना सर्वांच्या नजरा, आणि शेवटी वृत्तपत्रे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपूर्वी मेलबर्नच्या एका दैनिकाने त्यांचे छायाचित्र छापून त्यांच्या शारीरिक सुस्थितीविषयी वाचकांचा कौल मागवला होता. तोपर्यंत या खेळाडूच्या नावावर आठ ऑलिंपिक पदके होती आणि चार ऑलिंपिक खेळणारी ती पहिली ऑस्ट्रेलियन जलतरणपटू ठरणार होती.

२००४ चा अथेन्स येथील प्रसंग या पुस्तकाच्या आकलनासाठी महत्त्वाचा आहे. १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये जोन्स यांच्याकडून सुवर्णाची अपेक्षा होती; त्यांना कांस्य मिळाले. अठरा वर्षांच्या या मुलीच्या चेहऱ्यावर निराशा उमटली आणि ती खिलाडूवृत्तीची नाही अशी टीका मायदेशात झाली. पाण्यात चेहरा दिसत नाही, आणि पाण्याबाहेर येताच त्याच चेहऱ्याची झडती घेतली जाते. त्याच ऑलिंपिकमध्ये २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचे सुवर्णपदक अमांडा बिअर्ड यांनी, तर रौप्यपदक जोन्स यांनी पटकावले. विजयमंचावर शेजारी उभ्या असलेल्या या दोन तरुणींनी पुढे तीन वर्षांच्या अंतराने नैराश्याविषयी पुस्तके लिहावीत, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

बीजिंगमध्ये २००८ साली जोन्स यांना ते वैयक्तिक सुवर्णपदक अखेर मिळाले. आत्मचरित्राच्या साच्यात कथन येथे संपले असते. ‘बॉडी लेंग्थ्स’मध्ये खरी गोष्ट यानंतर गडद होते. ज्यासाठी लहानपण खर्ची घातले ते हाती आल्यावर आपण कोण, या प्रश्नाला उत्तर नाही. २०११ मध्ये स्पेनमधील सिएरा नेवाडा येथील उंचावरच्या सराव शिबिरात जोन्स आत्महत्येच्या विचाराशी येऊन ठेपल्या. त्याच वेळी प्रशिक्षकाने दारावर टकटक केली आणि त्या थांबल्या.

या टकटकीकडे समीक्षेने विशेष लक्ष द्यावयास हवे. संपूर्ण पुस्तकात प्रशिक्षणव्यवस्थेवर कठोर प्रश्न उपस्थित करणारी लेखिका त्या व्यवस्थेतील एका माणसाच्या हाताने वाचते. स्टॉपवॉचने जे सांगितले नसते ते दार उघडल्यावर दिसले. काठावरून आकडा सांगणे आणि खोलीच्या दाराशी येऊन विचारपूस करणे या दोन्ही प्रशिक्षकाच्याच कृती. परंतु पहिलीत उत्तराची अपेक्षा नाही, दुसरीत आहे. प्रशिक्षण आणि कल्याण यांत विरोध आहे असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग अवश्य वाचावा.

लेखनशैलीच्या दृष्टीनेही हे पुस्तक वेगळे आहे. जोन्स स्वतःवर हसतात. हा विनोद कधीकधी वेदना झाकण्यासाठी येतो, त्यामुळे काही ठिकाणी प्रसंगाची धार कमी होते. परंतु विक्रमवीराच्या गंभीर सुरापेक्षा हा सूर अधिक विश्वसनीय वाटतो, कारण त्यात स्वतःला उदात्त ठरवण्याची धडपड नाही.

५. ‘मेकिंग वेव्ज’ : प्रश्न विचारणाऱ्या स्त्रीचे काय होते?

खेळाडूने वेळीच तोंड उघडले तर काय घडते, याचे उत्तर बाबाशॉफ यांच्या पुस्तकात आहे. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये महिलांच्या तेरा जलतरण शर्यतींपैकी अकरा पूर्व जर्मनीने जिंकल्या. अमेरिकेच्या बाबाशॉफ यांना चार रौप्यपदके आणि सांघिक शर्यतीतील एक सुवर्णपदक मिळाले. पूर्व जर्मन मुलींच्या बदललेल्या शरीरांविषयी आणि भारदस्त झालेल्या आवाजांविषयी त्यांनी जाहीर शंका घेतली. परिणामी वृत्तपत्रांनी त्यांना ‘सर्ली शर्ली’, म्हणजे तुसडी शर्ली, असे नाव ठेवले. पूर्व जर्मन मुलींच्या आवाजाबद्दल विचारले असता त्या येथे गाण्यासाठी नव्हे, पोहण्यासाठी आल्या आहेत, असे उत्तर त्यांच्या पथकाकडून मिळाल्याचे आजही सांगितले जाते.

जर्मनीच्या एकीकरणानंतर उघड झालेल्या कागदपत्रांनी शंका खरी ठरवली. ओरल-ट्युरिनाबॉल या पौरुषजनक द्रव्याच्या निळ्या गोळ्या शासकीय योजनेनुसार खेळाडूंना दिल्या जात. अनेक अल्पवयीन मुलींना त्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या म्हणून सांगितल्या गेल्या होत्या. जुलै २००० मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने क्रीडाप्रमुख मॅनफ्रेड एवाल्ड आणि वैद्यकीय अधिकारी मॅनफ्रेड हॉप्नर यांना दोषी ठरवले. दोघांच्याही शिक्षा स्थगित स्वरूपाच्या होत्या. साक्ष देणाऱ्यांत माजी जलतरणपटू स्त्रिया होत्या. म्हणजे बाबाशॉफ ज्यांच्याकडून हरल्या त्या मुलीही हरलेल्याच होत्या. एकीला बोलली म्हणून तुसडी ठरवले गेले. दुसऱ्यांना काय बोलायचे हेच ठाऊक होऊ दिले गेले नाही. लोकशाही देशातील वृत्तपत्र आणि हुकूमशाही राष्ट्राचा प्रशिक्षक या दोघांनाही मुलींचे मौनच सोयीचे वाटावे, हा या पुस्तकातून हाती येणारा निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे.

६. लेखनातील दुसरा हात

या पुस्तकांची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. चारही पुस्तके सहलेखकांच्या मदतीने सिद्ध झाली आहेत. फेल्प्स यांच्यासमवेत ॲलन अब्राहमसन, बिअर्ड यांच्यासमवेत रिबेका पेली, जोन्स यांच्यासमवेत फेलिसिटी मॅक्लीन, तर बाबाशॉफ यांच्यासमवेत ख्रिस एप्टिंग यांनी काम केले. लहानपणी ज्यांचे वाक्य दुसऱ्याने पूर्ण केले, त्यांचे पुस्तकही दुसऱ्याच्या हाताने लिहिले जावे, यात एक विसंगती आहे. सहलेखक हा शब्दांचा प्रशिक्षकच असतो. कोणता प्रसंग पुढे आणायचा, कोठे थांबायचे, वाचकाला कोठे हसवायचे हे तो सुचवतो. म्हणून या पुस्तकांतील प्रत्येक संभाषण शब्दशः घडले असे मानून वाचणे धोक्याचे ठरते. आठवण, सहलेखक आणि बाजारपेठ यांच्या गाळणीतून ते आपल्यापर्यंत आलेले आहे. तरीही अनेक खेळाडूंनी, वेगवेगळ्या देशांतून, एकमेकांशी संबंध नसताना एकाच प्रकारच्या मौनाची तक्रार करावी, याला पुराव्याचे मूल्य आहे.

७. संस्थांचे उशिरा आलेले उत्तर

एकेका खेळाडूचे कथन जमत जाते तेव्हा संस्थांना बोलावे लागते. २०१० मध्ये अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी वाहिनीने दिलेल्या वृत्तानुसार, आधीच्या दहा वर्षांत लैंगिक गैरवर्तनावरून छत्तीस प्रशिक्षकांना तेथील जलतरण संघटनेने आजीव बंदी घातली होती. एवढी प्रकरणे घडूनही पालकांच्या हाती तेव्हा त्यांची यादी नव्हती. पुढे ती जाहीर करण्यात आली. २०१७ मध्ये तक्रारींच्या चौकशीसाठी तेथे स्वतंत्र केंद्र सुरू झाले.

ऑस्ट्रेलियात रिओ ऑलिंपिकची रौप्यपदक विजेती मॅडी ग्रोव्ह्ज यांनी जून २०२१ मध्ये टोकियोसाठीच्या निवड चाचणीतून माघार घेतली आणि खेळातील स्त्रीद्वेषी वृत्तीकडे जाहीरपणे बोट दाखवले. त्यानंतर नेमलेल्या स्वतंत्र समितीने आपल्या अहवालात सेहेचाळीस शिफारशी केल्या. २०२२ च्या जानेवारीत राष्ट्रीय संघटनेने खेळाडूंची माफी मागितली. जोन्स यांचे पुस्तक त्याआधी सहा-सात वर्षांपूर्वी आलेले होते. म्हणजे जे पुस्तकांच्या दुकानात उघडपणे विकले जात होते, ते संघटनेच्या दप्तरी यायला एवढा काळ गेला. अहवालाची भाषा आणि आत्मकथनाची भाषा यांत फरक असतोच. अहवालाला ‘खेळाडू’ दिसतो, आत्मकथनात खोलीचे दार बंद करून बसलेली एक मुलगी दिसते. शिफारशी अमलात आणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ती मुलगी राहावी, यासाठी अहवालाबरोबर आत्मकथनही वाचले जाणे आवश्यक आहे.

८. आपल्याकडील संदर्भ

वरील सर्व उदाहरणे परदेशातील आहेत म्हणून आपण निर्धास्त राहावे अशी स्थिती नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये गोव्यात एका जलतरण प्रशिक्षकावर अल्पवयीन खेळाडूच्या लैंगिक छळाचा आरोप झाला. चित्रफीत समाजमाध्यमांवर प्रसृत झाल्यावर राज्य संघटनेने त्याचा करार रद्द केला आणि गुन्हा नोंदवला गेला. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा आपल्याकडे २०१२ पासून आहे. २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यातही महिला व अल्पवयीन खेळाडूंसाठी सुरक्षित क्रीडा धोरणाची तरतूद आहे. तरतुदी आवश्यक आहेत. परंतु त्यांचे पहिले पाऊल मुलाच्या तोंडून निघालेल्या वाक्यावर अवलंबून असते, आणि त्या वाक्याची वाट आपली भाषाच अडवते.

मराठी घरात प्रशिक्षक हा ‘सर’ असतो. ‘सर म्हणाले’ या दोन शब्दांनी घरातील चर्चा संपते. पहाटे साडेचारला स्कूटरवरून मुलीला तलावावर सोडणारे वडील काठावरच्या बाकावर बसून तिच्या वेळा वहीत टिपतात. म्हणजे काठावरचा आणखी एक आवाज तयार होतो. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे वचन आपण सहज वापरतो. विहिरीत मुलाला ढकलणारा काका मात्र स्वतः काठावर सावध उभा असे आणि मुलाने गटांगळी खाल्ली की उडी घेत असे, हा त्या वचनाचा न बोललेला उत्तरार्ध आपण विसरतो. गुरूविषयीचा आदर ही आपल्या संस्कृतीची मोलाची गोष्ट आहे. परंतु शिष्याचे प्रश्न ही त्याच परंपरेची दुसरी बाजू आहे. उपनिषदांपासून आपली ज्ञानपरंपरा संवादातूनच उभी राहिली, आणि त्यात प्रश्न विचारणाऱ्या शिष्याला कोणी तुसडे म्हटले नाही.

मराठीतील क्रीडालेखनाचा भर सामन्याच्या वर्णनावर आणि विजेत्याच्या गौरवावर राहिला आहे. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक मिळवणारे सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर, किंवा २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवून भारताची चोवीस वर्षांची प्रतीक्षा संपवणारे कोल्हापूरचे वीरधवल खाडे यांच्याविषयी आपण अभिमानाने लिहितो. तो अभिमान रास्तच आहे. परंतु पदकाच्या दिवसाव्यतिरिक्तचे दिवस आपल्या लेखनात येत नाहीत. जिल्हास्तरावर तीन-चार वर्षे पोहून दहावीच्या वर्षी खेळ सोडणाऱ्या मुला-मुलींना तर लेखनाचा विषयच मानले जात नाही. ती का सोडून गेली, हे त्यांना कोणी विचारत नाही. अभ्यास, असे उत्तर आपणच देऊन टाकतो.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. स्पर्धात्मक जलतरणात प्रशिक्षक-खेळाडू संवाद हा खेळाच्या स्वरूपामुळेच एकतर्फी होतो. खेळाडूचे शब्द आकड्यात रूपांतरित होतात आणि दुःख, आजार, भीती यांतील फरक पुसला जातो.

२. खेळत असताना लिहिलेली आत्मचरित्रे प्रशिक्षकाच्या कठोरपणाचे फलितावरून समर्थन करतात. निवृत्तीनंतरची आत्मकथने त्याच अनुभवांचे पुनर्वाचन करतात. दोन्ही प्रामाणिक असू शकतात. परंतु पहिल्या प्रकारावरून प्रशिक्षणपद्धतीचे मूल्यमापन करणे अपुरे आहे.

३. बोलणाऱ्या खेळाडूला, विशेषतः स्त्री-खेळाडूला, स्वभावदोषाचे लेबल लावून गप्प करण्याची प्रवृत्ती माँट्रिऑलपासून अथेन्सपर्यंत दिसते. मौनाची किंमत अनेकदा अल्पवयीन मुलांनी मोजली आहे.

४. शिस्त आणि कल्याण परस्परविरोधी नाहीत. सिएरा नेवाडा येथील दारावरची टकटक हे त्याचे उत्तम उदाहरण होय. प्रशिक्षकाने बोलावे की नाही हा प्रश्न नाही. त्याच्या बोलण्यात उत्तराला जागा आहे का, हा प्रश्न आहे.

५. आपल्याकडील तलावांवर वेळापत्रकाइतकेच महत्त्व सरावाबाहेरच्या संभाषणाला मिळावयास हवे. आठवड्यातून काही वेळ मूल कोरड्या अंगाने, स्टॉपवॉच बाजूला ठेवून बोलू शकेल आणि प्रशिक्षक व पालक यांच्याखेरीज तिसऱ्या कोणा जबाबदार व्यक्तीकडे निःशंकपणे जाऊ शकेल, एवढी व्यवस्था करण्यास मोठा खर्च लागत नाही.

जोन्स किंवा फेल्प्स यांना उत्तर देण्यासाठी पुस्तक, परिषद आणि माहितीपट उपलब्ध झाले, कारण त्यांच्याजवळ पदके होती. आपल्या गावच्या तलावात पोहणाऱ्या मुलीजवळ ती नसतील. तिचे म्हणणे ऐकण्यासाठी तिच्या पुस्तकाची वाट पाहणे आपल्याला परवडणारे नाही.